ब्रेककाकांचा कोरा रकाना

एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाने काय करावं? पेपर वाचावा, झाडांना पाणी घालावं, बायकोच्या कामात लुडबुड करावी. आपल्या गोष्टीतल्या काकांनी यातलं तिसरं तेवढं मनापासून केलं. तिसऱ्या महिन्यात बायकोने त्यांना गल्लीच्या टोकाला असलेल्या फुटबॉल क्लबात नेऊन उभं केलं. "यांना काहीतरी चालवायला द्या हो," ती सेक्रेटरींना म्हणाली, "नाहीतर हे माझं घर चालवायला बघतात."

क्लबाकडे मुलांना आणायला-सोडायला एक जुनी व्हॅन होती. ती काकांच्या ताब्यात आली आणि आठवड्याभरात मुलांनी त्यांचं 'ब्रेककाका' असं बारसंही करून टाकलं. सिग्नल अजून शंभर पावलांवर असायचा आणि काकांचा पाय ब्रेकवर गेलेला असायचा. "काका, सायकलवाले आजोबा पुढे गेले!" मागून कोणीतरी ओरडायचं. "जाऊ दे," काका म्हणायचे, "त्यांना घाई असेल."

एका बाबतीत मात्र काकांपुढे कोणाचं काही चालत नसे. व्हॅनचं दार सरकवण्याचं होतं, जड होतं आणि ते फक्त काकांनी बाहेरून लावायचं. लावण्याआधी ते ओरडायचे, "हात!" की सगळ्यांनी दोन्ही हात डोक्यावर धरायचे. काका ते मोजायचे. मुलींचा संघ असला की अकरा मुली, बावीस हात. बावीस भरले की मगच दार सरकायचं.

मग एक दिवस वरून पत्र आलं. मुलांचे संघ खेळवायचे असतील तर प्रत्येक क्लबात एक बालकल्याण अधिकारी हवा. बैठकीत हा विषय निघताच सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. काका नेमके घड्याळाकडे बघत होते, म्हणजे मान वर होती. "काका, तुम्ही तर रोज मुलांमध्येच असता!" सेक्रेटरी म्हणाले, आणि झालं. मी म्हणतो, हे असंच चालतं. खजिनदाराच्या खुर्चीसाठी मारामाऱ्या होतात, आणि पोरांचं भलं बघायची खुर्ची ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडते. पण काकांचं म्हणणं, पदरी पडलं आणि पवित्र झालं. दोन दिवसांच्या शिबिराला ते वही घेऊन गेले आणि चाळीस पानं भरून आले. मुलाला गुपित राखायचं वचन देऊ नका. उत्तर त्याच्या तोंडी घालू नका. एकट्याला बंद खोलीत घेऊन बसू नका. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. ही वही त्यांनी तीनदा वाचली होती.

आणि तरीही चुकले.

त्या मंगळवारी सराव संपला. मुली व्हॅनमध्ये बसल्या. काकांनी "हात!" म्हटलं, मोजले, दार ओढलं आणि आतून किंकाळी आली. दाराशेजारच्या जागेवर गोलकीपर बसली होती. तेरा वर्षांची, उंच, अबोल पोर. मैत्रिणी तिला भिंत म्हणायच्या. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं दारात सापडली होती. काकांनी तिला तसंच दवाखान्यात नेलं. एका बोटाच्या हाडाला बारीक चीर गेली होती. महिनाभर खेळ बंद. येत्या रविवारी निवडीचा सामना होता, तोही गेला.

एकतीस वर्षांत ज्या माणसाच्या गाडीखाली मांजरही आलं नव्हतं, त्याने एका लेकराची बोटं चिरडली. त्यांनी त्याच संध्याकाळी व्हॅनची किल्ली सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवली आणि अपघाताचा फॉर्म भरायला घेतला. फॉर्म कोणाकडे द्यायचा? बालकल्याण अधिकाऱ्याकडे. म्हणजे स्वतःकडेच! "मी कसा घेऊ?" काका म्हणाले. "चूक माझी, चौकशीही मीच करायची?" सेक्रेटरी म्हणाले, "दुसरा कोण आहे? सही करा आणि मोकळे व्हा." काकांनी उजव्या हाताने दिला, डाव्या हाताने घेतला. 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'चालकाने न बघता दार लावले.' सातवा रकाना होता 'मुलाचे म्हणणे'. तिथे एक आडवी रेघ मारली.

पुढचे तीन दिवस काका घरात असून नसल्यासारखे होते. जेवायचे नाहीत, बोलायचे नाहीत. शुक्रवारी बायकोने तो फॉर्म घरच्या टेबलावरून उचलला आणि चष्मा लावून वाचला.

"ही रेघ कसली?"

"तिचं काय म्हणणं असणार? बोटं सापडली, दुखली."

"तुम्ही हात मोजले होते ना?"

"मोजले."

"किती भरले?"

"बावीस." काका थांबले. "मोजण्यात चूक झाली असेल."

"घरात एक चमचा कमी झाला तर तुम्हाला स्वयंपाकघरात न जाता कळतं. तुम्ही मोजायला चुकलात? मला नका सांगू." तिने फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. "आणि अहो, त्या पोरीला कोणी विचारलंच नाही की काय?"

खरंच की. तीन दिवस काका आपलीच चूक उगाळत बसले होते. दवाखान्यात पोरीची दहा वेळा माफी मागितली होती. काय झालं, असं मात्र एकदाही विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी भिंत सराव बघायला आली, बांधलेला हात पोटाशी धरून. काकांनी प्रशिक्षक ताईंना सांगितलं आणि ताईंना दिसेल अशा बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसले.

"एक आधीच सांगतो," ते म्हणाले. "तुझ्या काळजीचं काही असलं तर ते मला पोटात ठेवता येणार नाही. पण तुझ्या पाठीमागे काही करणार नाही. आता मला सांगशील, मंगळवारी दारापाशी काय झालं?"

मैदानावर चेंडू गोलकडे गेला, तशी तिने मान फिरवली.

"व्हॅन आता दुसरेच काका चालवतात," ती म्हणाली. "माझ्यामुळे."

काका तिच्याकडे वळले.

"तुम्ही दार नीटच लावलं होतं. मी हात वर केले होते. तुम्ही मोजलेत. मग दार जवळ आलं तेव्हा मी एक खाली घेतला आणि तिथे ठेवला." तिचा आवाज अगदी सपाट होता. "रविवारी खेळायचं नव्हतं मला."

मग हळूहळू आलं सगळं. रात्री झोप लागत नाही. सामन्याआधी उलटी होते. उलटी कोणाला दिसू नये म्हणून त्या दिवशी ती व्हॅनने न येता सगळ्यांच्या आधी मैदानावर येते. तिचे बाबा प्रत्येक सामना मोबाईलवर काढतात आणि जेवताना तिच्यावर झालेले गोल पुन्हा दाखवतात. "ओरडत नाहीत हं," ती घाईने म्हणाली. "ओरडले असते तर बरं झालं असतं. प्रत्येक गोल दोनदा होतो, काका. एकदा मैदानात, एकदा जेवताना."

"परत असं काही करावंसं वाटलं का गं?"

"महिन्याने बोट बरं होईल ना," ती म्हणाली. "मग डाव्या हाताचं करावं, असं वाटलं होतं."

काकांनी खिशातला फॉर्म चाचपला.

"बाबांना नका ना सांगू."

'नाही सांगत' हे दोन शब्द काकांच्या अगदी जिभेवर आले होते. बोलले असते तर पोर खूश झाली असती आणि तेही सुटले असते. "सांगावं लागेल, बाळा," ते म्हणाले. "पण तू माझ्याशेजारी बसायचं आणि बोलायचं मी. आणि अशा गोष्टींसाठी एक समुपदेशक बाई आहेत, त्यांना आजच फोन करू. झोप येत नाही, त्याचंही त्या बघतील." मग त्यांनी फॉर्म काढला आणि सातव्या रकान्यातली रेघ खोडून तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहिलं, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ओरडत नाहीत, तेही लिहा."

दुपारी तिचे बाबा आले. मोटारींच्या काचा बसवणारा माणूस, हातांवर बारीक बारीक व्रण. चार दिवस ते काकांकडे बघतही नव्हते. ऑफिसात ताई होत्या, काका होते, काकांशेजारी भिंत. काकांनी सगळं सांगितलं, काही न लपवता, काही न वाढवता.

"मुद्दाम?" बाप म्हणाला. "माझ्या पोरीने?" मग त्याचा आवाज चढला. "आणि हे तुम्हाला सांगितलं? व्हॅनच्या ड्रायव्हरला? घरात बाप बसलाय, त्याला नाही सांगावंसं वाटलं?"

सेक्रेटरी असते तर म्हणाले असते, शांत व्हा, शांत व्हा. काका म्हणाले, "चार दिवस मलाही नव्हतं सांगितलं. मीच विचारलं नव्हतं. माझी चूक, माझी चूक करत बसलो होतो. तिचं काय झालंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आज विचारलं, तेव्हा तिने सांगितलं. एवढंच."

बापाने पोरीच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं.

"फार दुखतंय का बोट?"

"बोट नाही दुखत, बाबा."

त्याने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसला. "मग काय दुखतंय गं?"

पोर रडायला लागली, आणि रडत रडतच सांगायला लागली. तो मधे एकदाही बोलला नाही.