टिंबाने सुरू होणारी फाइल

मंडळी, आज दुपारी मी सूड उगवला. लपवत नाही.

सातपूरच्या छोट्या वर्कशॉपना ऑर्डरी मिळाव्यात म्हणून आमच्या ह्यांनी वेबसाइट बनवली होती. हे गेले आणि तेराव्यालाच ह्यांचा भागीदार सगळा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घेऊन गेला. वर म्हणाला, "वहिनी, तुम्हाला यातलं काय कळतं?" पुढे वेबसाइटवरून ह्यांचं नावही काढलं.

मग मी ह्यांचीच पुस्तकं वाचत बसले. दोन वर्षं.

आज तो इंदिरानगरला माझ्या दारात. नवा सर्व्हर घेतला, जुना पुसला, आता वेबसाइट सुरूच होईना. मला लगेच कळलं. पासवर्ड, डेटाबेसचा पत्ता असलं काही आमचे हे प्रोग्राममध्ये लिहीत नसत. ते वेगळ्या फाइलमध्ये असायचं, प्रोग्राम सुरू होताना तिथून वाचायचा. त्या फाइलचं नाव टिंबाने सुरू होतं, म्हणून ती लपलेली राहते. त्याने दिसलं तेवढंच नेलं होतं, ती फाइल ह्यांच्या कॉम्प्युटरवरच राहिली. तसं त्याला सांगितलं.

"वहिनी, फाइल द्या ना. लोक शिव्या घालतायत."

"बसा भाऊजी. लॅपटॉप इकडे करा."

फाइल दिली. पण तिच्यात ह्यांच्या नावाची एक ओळ वाढवली आणि प्रोग्रामला बजावलं, ही ओळ नसेल तर सुरू व्हायचं नाही. आता प्रत्येक पानाखाली ह्यांचं नाव दिसतं.

"हे काढायचं कसं?"

"असं काय विचारता भाऊजी? तुम्हाला तर यातलं सगळं कळतं."

तो गेल्यावर मी वेबसाइट उघडून ते नाव कितीदा तरी वाचलं. खरं सांगा, तुम्ही फाइल दिली असती का?