मधातल्या मुळाचा उजवा हात

केरीच्या सरस्वतीकडे औषधाला जाणाऱ्याला पहिली ताकीद मिळायची ती नाव न विचारण्याची. कावीळ असो की मूतखडा, ती मुळी उगाळून द्यायची. कसली मुळी म्हणून विचारलंत तर मात्र अंगणाबाहेर काढायची. नाव सांगितलं की औषधाचा गुण जातो, हे तिला आईनं शिकवलं होतं. आणखी एक शिकवण होती. मूळ खणायच्या आदल्या दिवशी झाडापाशी तांदूळ-सुपारी ठेवून त्याला आमंत्रण द्यायचं. न विचारता काढलेलं मूळ घरात घ्यायचं नाही. पन्नास वर्षं तिनं दोन्ही नियम पाळले. बाई भारी हेकट, पण पैशाला कधी भुलली नाही.

मग बहिणीचा मुलगा गौरेश बोटीवरून वास्कोला उतरला आणि थेट तिच्या घरी एक बरणी घेऊन आला. आत मधात तरंगणारं जाड, पिवळसर मूळ होतं. त्याला डोकं होतं, दोन हात होते, दोन पाय होते.

“मावशे, ह्या कोरियेचा जिनसेंग. काकाक बळ येतला बघ.”

सरस्वतीनं बरणी उजेडात धरून पाहिली. खणताना ह्याला कुणी विचारलं असेल का? पण हृदयात कृत्रिम झडप बसवल्यापासून तिचा नवरा गुरुदास दिवसभर जनेलाशी बसून बाहेर बघत असायचा. झडपेवर रक्त साकळू नये म्हणून रोज रक्त पातळ ठेवायची गोळी, दर महिन्याला तपासणी, आणि चार पावलं टाकली की धाप. तो पुन्हा माडांत हिंडावा, एवढंच तिला हवं होतं. तिनं बरणी ठेवून घेतली.

चांगल्या कामाची सुरुवात उजव्यानं करावी, म्हणून पहिली चकती तिनं मुळाच्या उजव्या हाताची कापली.

आठवड्याभरात गुरुदास उठून विहिरीपर्यंत जाऊ लागला. “झोप नाय गे, पण अंगात कसा बरा वाटता,” म्हणायचा. सरस्वतीला मात्र बरणीकडे बघवेना. ती मुळाचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची, आणि सकाळी ते खोलीकडे वळलेलं असायचं.

“तुमी फिरवलास?”

“मी कित्याक हात लावू त्येका?”

मधात तरंगणारं मूळ आपोआप फिरणारच, अशी तिनं स्वतःची समजूत घातली आणि पुढची चकती कापली. तीन आठवड्यांत उजवा हात खांद्यापर्यंत संपला.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर तनयानं कागद पाहून कपाळाला आठ्या घातल्या. “रक्त दाट झालंय. दुसरं काही औषध चालू आहे का?” गुरुदासनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं जमिनीकडे पाहिलं. नाव घेतलं असतं तर गुण गेला असता, आणि माणूस नुकता कुठे चालू लागला होता! डॉक्टरनं गोळी वाढवून दिली.

तिसऱ्या सकाळी चहाचा कोप गुरुदासच्या हातातून निसटला. उचलायला गेला तर उजवा हात हलेना. तोंडातून शब्दही धड फुटेना.

इस्पितळात तनयानं पुन्हा तेच विचारलं. “जिनसेंग,” सरस्वती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं औषधाचं नाव उच्चारलं होतं.

“आजी, हे आधी सांगायचं! त्यात जिन्सेनोसाइड नावाची द्रव्यं असतात. त्यानं कुणाला तरतरी येते, कुणाची झोप उडते, आणि काहींच्या शरीरात ह्या गोळीचा जोर कमी होतो. तसंच झालेलं दिसतंय. झडपेवर गुठळी धरली आणि मेंदूत गेली.”

गुरुदास वाचला. घरी आल्यावर सरस्वतीनं उरलेलं मूळ अंगणाच्या कडेला पुरलं, वर तांदूळ-सुपारी ठेवली आणि रडत रडत त्याची माफी मागितली.

आता ती प्रत्येक मुळीचं नाव आधी सांगते, कुठली गोळी चालू आहे ते विचारते, आणि गोळी असली तर डॉक्टरकडे पाठवते. गुण जायचा असेल तर जाऊ दे, म्हणते. गुरुदास बोलतो, हळूहळू चालतो. उजवा हात तेवढा खांद्यापासून लोंबतो.

“बाकी सगळा बरा झाला,” तो कधीतरी म्हणतो, “मगे ह्योच हात कसो गेलो गे?”

डॉक्टरनं सांगितलं ते सरस्वतीला पटलेलं आहे. तरी ती नवऱ्याच्या पानातल्या भाताचा घास करते, त्याला भरवते, आणि मग अंगणाच्या कडेला, मूळ पुरलं तिथं, तांदूळ-सुपारी ठेवून येते.