गॅलरीत वाळत घातलेली लाल पिसं

तारनाक्याच्या या फ्लॅटमध्ये मी एकटीच राहते. नोकरीसाठी पुण्याहून या दख्खनी हिंदी बोलणाऱ्या शहरात आले, पण काम घरूनच. कॉल संपले की दिवसभर कुणाशी बोलणं नाही. कॅनडातला माझा धाकटा भाऊ एकदा महिनाभर येऊन राहिला, तेव्हा त्याने मला एक कला शिकवली. बारीक गळावर दोऱ्याने पिसं आणि केस असे बांधायचे, की पाण्यातल्या माशाला तो किडाच वाटला पाहिजे. तिकडे तो नदीत उभा राहून अशाच गळांनी मासे धरतो. तो परत गेल्यावर मी त्याच्यासाठी गळ बांधून पाठवायला लागले.

रंगीत पिसं इथे कुठे मिळणार? मग मीच रंगवायला लागले. कोंबडीवाल्याकडून कोंबड्याच्या मानेची पांढरी पिसं आणायची, कधी बकरीच्या शेपटीचे केस. साबणाने दोन-तीनदा धुऊन त्यांचा तेलकटपणा घालवायचा, नाहीतर रंग धरत नाही. गौलीगुड्याच्या बाजारातून आणलेला लोकरीचा रंग पातेल्यात विरघळवायचा, त्यात व्हिनेगर घालायचं. पाण्याला वाफ हवी, उकळी नको. उकळलं की पीस आखडतं. मग वर्तमानपत्रावर पसरून गॅलरीत चाळणीखाली वाळवायचं.

एका सोमवारी कामवाल्या अम्मा आल्या नाहीत. मंगळवारीही नाहीत. फोन उचलेनात. शेवटी खाली जाऊन वॉचमनला विचारलं. तो आधी चपलांकडेच बघत राहिला.

"मॅडम, बुरा नक्को मानो. अम्मा बोलरी, आपके घर में जादूटोना होता कते. लाल पर सुखाते आप."

मला हसू यायला हवं होतं, पण नाही आलं. जिन्यात हल्ली लोक बाजूला का सरकायचे, समोरच्या आंटी दार उघडता उघडता परत का लावून घ्यायच्या, सगळं एका क्षणात कळलं. एकटी बाई, बंद दार, आंबट वास आणि लाल पिसं. त्यांच्या जागी मी तरी काय समजले असते?

संध्याकाळी समोरची बेल वाजवली. आंटी रेल्वेतून निवृत्त झालेल्या, तेलुगू. त्यांनी दार फटीएवढंच उघडलं.

"आंटी, पाच मिनट आइए. देखके जाइए, बस."

त्या आल्या, पण पदर घट्ट धरून. मी पातेलं दाखवलं, रंगाच्या पुड्या दाखवल्या, मग बांधलेला एक गळ त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"मछली खाती ये?"

"खाने आती, फसती."

त्या एकदम मोठ्याने हसल्या. या घरात दुसऱ्या कुणाचं हसणं मी कितीतरी महिन्यांनी ऐकत होते.

"किसके वास्ते इतना?" त्यांनी विचारलं.

"भाई के वास्ते. कॅनडा में है."

"खुश होता होगा."

"बहुत," मी म्हटलं.

खरं तर आदल्याच रविवारी तो फोनवर म्हणाला होता, "ताई, आता पाठवू नकोस गं. आधीचेच डबे भरून पडलेत. मुलं झाल्यापासून नदीवर जाणंच होत नाही." मी "बरं" म्हटलं होतं आणि त्याच दुपारी लाल रंगाचं पातेलं चढवलं होतं.

आंटींनीच अम्मांना समजावलं असावं, कारण गुरुवारी त्या आल्या. भांडी घासून गेल्या. रंगाचं पातेलं मात्र तसंच ठेवलं. आंटी जिन्यात भेटल्या की थांबतात, "मछली कैसी है?" विचारतात. मी "अच्छी है" म्हणते. मग त्यांची मालिका सुरू व्हायची वेळ होते.

पिसं मी अजूनही रंगवते. परवा हिरवा रंग काढला, शेवाळासारखा, पहिल्यांदाच इतका नेमका जमला. भावाला फोटो पाठवला. त्यावर अंगठ्याचं चित्र आलं. वाळलेली पिसं मी पुडीत बांधली, वर तारीख घातली आणि कपाटात ठेवून दिली.