कवचामागचा चिखल
खाली पार्किंगमधून ओल्या चिखलाचा आणि ग्रीसचा वास आला की मला खडकवासल्यामागचा तो उतार आठवतो. आमचे यजमान जीप चालवत होते आणि दरी माझ्या बाजूला होती. खालून कडकन आवाज आला, मागचं चाक तिरकं झालं आणि जीप घसरत कडेला जाऊन थांबली. "उतर," ते हळूच म्हणाले. "अहो, कुठे उतरू? इकडे जमीनच नाहीये." त्यांच्या दारातून मी सरपटत बाहेर आले. दगड लागू नयेत म्हणून त्यांनी हौसेने ॲक्सलला, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याला, लोखंडी कवच बसवलं होतं. गॅरेजमध्ये ते काढलं, तर आत चिखल विटेसारखा घट्ट बसलेला आणि त्यामागे ॲक्सल ओलीने गंजून पोखरलेला, तिथेच मोडलेला. आता ते दर फेरीनंतर पार्किंगमध्ये कवच काढून ॲक्सल धुतात. मी मात्र सपाट रस्त्यावरसुद्धा उतरण्याआधी खाली जमीन आहे का बघते.