कोपऱ्यातल्या वाफ्याचं पाणी

‘नाही’ आणि ‘सापडलं नाही’ यांतला फरक मला तिसरी शिकलेल्याला कळतो. तो संगणक बनवणाऱ्यांना कळू नये?

आमचं मिठागर खाडीकाठी. पलीकडे बंदराच्या क्रेना दिसतात. दिवाळी झाली आणि मुलानं तोंडावर सांगितलं, “बाबा, पौषाच्या आत मीठ निघत असंल तर ठेवू. न्हायतर मुरूम टाकून बंदराच्या ट्रेलरवाल्यांना गाड्या उभ्या करायला देऊ.” ठरवणार कोण? सुनेचा लॅपटॉप! माझे पाय त्या चिखलात झिजले, पण मला कोण विचारतो?

सून शिकलेली, असले हिशेब मांडणं हेच तिचं काम. मी वाफ्यांची मापं दिली, भरतीच्या तिथी दिल्या. तिनं बटण दाबलं. लाल अक्षरं आली.

“काय म्हणतो?”

“असा कुठलाच मार्ग नाही, म्हणतो.”

“त्याच्या बापानं कधी मीठ पिकवलं होतं काय?”

मुलगा दारातून हसला. “झालं. मुरूमवाल्याला फोन लावू?”

“थांबा हो,” सून त्याच्यावरच खेकसली. मग मला म्हणाली, “बाबा, हा खोटारडा आहे. पाणी किती आणि ते खारं किती, यांचा गुणाकार आला की उत्तराची वाट सरळ राहत नाही, खड्डे पडतात. हा आंधळ्यासारखा उतार धरून जातो, खड्ड्यात बसतो आणि सांगतो पुढं वाटच नाही.”

“मग तसं लिही म्हणावं! मी अडकलो म्हणायला लाज वाटते?”

तिनं त्याला दहा वेगवेगळ्या जागांवरून सोडून पाहिलं. दहाही वेळा लाल. मग मी सांगितलेली एकेका वाफ्याची अट ती सैल करत गेली. उथळ वाफे सैल केले, लाल. मधले केले, तरी लाल. कोपऱ्यातला खोल वाफा सैल केला आणि झरझर आकडे उतरले.

तिनं माझ्याकडे पाहिलं. “बाबा, त्या वाफ्याचं तुम्ही मला खरं सांगितलेलं नाही.”

असं मला आजवर कुणी बोललेलं नव्हतं. मी उठून बाहेर गेलो, बांधावर बसलो. खोटारडा यंत्राला म्हणाली होती, पण लागलं मला.

कारण मी तिला सगळे वाफे कोरडे सांगितले होते. तो कोरडा नसतो. गेल्या हंगामाचं कडक, म्हणजे खूप खारं झालेलं पाणी मी त्यात साठवतो. पावसाचं गोडं पाणी वर तरंगतं, ते अलगद सोडून द्यायचं. खालचं जड पाणी तसंच राहतं. हंगाम सुरू झाला की ते नव्या पाण्यात मिसळायचं, मीठ महिनाभर आधी धरतं. बापानं सांगितलं होतं, घराबाहेर बोलू नको. मी घरातही बोललो नाही. मुलालासुद्धा नाही. आणि तोच त्यात मुरूम टाकायला निघालेला.

परत आलो, उभ्यानंच सांगितलं. मुलाचं तोंड उघडंच. “इतकी वर्षं?”

“तू कधी विचारलंस?”

सुनेनं आकडा भरला, बटण दाबलं. हिरवं आलं. मार्गशीर्षातच मीठ.

मी आनंद दाखवला नाही. “हे मला ठाऊक होतं,” म्हणालो.

“मग आधी का नाही सांगितलंत?” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुलाला त्या वाफ्यात कमरेपर्यंत उतरवला आणि तळाचं पाणी जिभेवर ठेवायला लावलं. तो थुंकला. मी म्हणालो, “आता टाक बघू मुरूम.”