कधीतरी घेतात

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रातून राख वाहून नेणाऱ्या एका टँकर ड्रायव्हरवर आम्ही अन्याय केला. चार वर्षांपूर्वी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या राउंडला. आम्ही म्हणजे हाडांच्या वॉर्डातले सगळे. केसपेपर लिहिणारा हात माझा होता, म्हणून आधी मी.

मांडीचं हाड मोडून तो नाशिकला आमच्याकडे दाखल झाला. नियमाप्रमाणे मी त्याच्या बायकोला विचारलं, दारू घेतात का? शेजारी दीर उभा. बायको खाली बघत म्हणाली, "कधीतरी घेतात." मी 'कधीतरी' लिहिलं आणि पुढच्या रकान्यावर गेलो. सकाळी हाताचा कंप थांबवायलाही त्याला दारू लागायची. पण हे कसं विचारून काढायचं, ते एमबीबीएसच्या सगळ्या वर्षांत मला कोणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो घामाने भिजला, थरथरू लागला, पायाला लावलेल्या वजनासकट खाली उतरू बघायला लागला. आम्ही बँडेजच्या पट्ट्यांनी त्याचे हात खाटेला बांधले. मी लिहिलं, पेशंट सहकार्य करत नाही. माझे सीनियर म्हणाले, "बेवडा आहे. उतरेल."

बायको अभिमानाने सांगत होती, "तीन दिस झाले डॉक्टर, थेंब नाय मिळू दिला." तिला वाटत होतं, ती नवऱ्याला वाचवतेय. रोजची दारू अशी एकदम तुटली तर माणूस मरू शकतो. तिला ते माहीत नव्हतं, ठीक आहे. आम्ही डॉक्टर होतो.

शेवटी एका सिस्टरनी मानसोपचाराच्या मॅडमना बोलावलं. व्यसनाचा उपचार स्वतंत्र शाखा म्हणून शिकवा, हा धोशा त्यांनी नोकरीभर लावला होता, आणि आम्ही कँटीनमध्ये त्यावर हसायचो. त्यांनी इंजेक्शन दिलं, शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि तो शांत होऊ लागताच पट्ट्या सोडल्या.

"काका, काय दिसतंय?"

"मुंग्या. चादरभर."

"किती असतील?"

"तुम्हीच मोजा की मॅडम, माझा पाय मोडलाय."

दोन दिवसांनी त्याने कडक चहा मागितला. नंतर ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षात तो दोनदा पुन्हा प्यायला आणि दोन्ही वेळा आपणहून उपचाराला आला. साखर वाढलेल्या पेशंटला आपण हाकलत नाही. यालाही हाकललं नाही. आज तो टँकर चालवतो, शुद्धीत.

मी हाडांची शाखा सोडली आणि मॅडमकडे व्यसनाचा उपचार शिकायला गेलो. सीनियर म्हणाले, "बेवड्यांचा डॉक्टर? लग्नाच्या बायोडेटात काय लिहिणार?"

"तेच लिहिणार, सर."

तेच लिहिलंय. मॅडम निवृत्त झाल्या, पण आता आमच्याकडे या उपचाराच्या चार खाटा आहेत. कळवणपासून इगतपुरीपर्यंतचे तरुण डॉक्टर शिकायला येतात आणि झटपट शिकतात. ही विद्या अवघड नाही. अडतं कुठे, तर ते परत जातात तेव्हा तिथे ना खाट असते, ना औषध. वरून उत्तर येतं, असल्यांसाठी जागा नाही.

असल्यांसाठी म्हणजे तुमच्या भावासाठी, शेजाऱ्यासाठी. त्याची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नका, डॉक्टरकडे न्या. आणि याच आठवड्यात जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा, दारू तुटून थरथरणाऱ्या माणसासाठी इथे खाट, औषध आणि शिकलेला डॉक्टर आहे का? नाही म्हणाले तर तिथेच बसून अर्ज लिहा. पोच हातात पडेपर्यंत उठू नका.