झाम्बोनिनोने घेतलेली बाजू

सन १२२६ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने बोलोन्याचे विद्यापीठ बंद करण्याचा आदेश काढला आणि पुढच्याच वर्षी तो मागे घेतला. मधल्या काळात झाम्बोनिनो या विधिशिक्षकाचा वर्ग ओस पडला. तो सम्राटामुळे पडला, असे म्हणणे अर्धेच खरे ठरेल.

शेजारच्या वर्गात तेबाल्दोही कायदा शिकवू लागला, तेव्हापासून झाम्बोनिनोचा जळफळाट चालू होता. दोन वर्गांत एकच भिंत. पलीकडे हशा पिकला की इकडे त्याचे वाक्य तुटे.

"अहो, जेवताय की त्यांचे विद्यार्थी मोजताय?" बायको इमेल्दा विचारी.

"विद्यार्थी कसले? बघे आहेत नुसते."

"मग तुमच्याकडे कुणी बघायलाही का येत नाही?"

ईस्टरपूर्वीच्या उपवासांत जाहीर वादसभा ठरली. विषय होता, राजा स्वतःच्या कायद्याने बांधलेला असतो का? असतो, हेच झाम्बोनिनो वर्षानुवर्षे शिकवत आला होता. पण ती बाजू तेबाल्दोने आधीच मागून घेतली. आपले मत त्याच्या नावावर गाजणार, या कल्पनेने झाम्बोनिनो पेटला. त्याने उलट बाजू घेतली. राजाच्या मर्जीला कायद्याचे बळ असते, हे रोमन संहितेतले वचन त्याने पुढे केले. मग पोप आपल्या आज्ञापत्रांत ज्या शब्दांनी जुने नियम बाजूला सारी, ते 'विरुद्ध कोणताही नियम असला तरी' हे शब्द उचलून त्याने राजाच्या हाती दिले. पोपला जे चालते ते सम्राटाला का चालू नये? सभा झाम्बोनिनोने जिंकली. दक्षिण इटलीतल्या सम्राटाच्या स्वतःच्या राज्यातले विद्यार्थी झाम्बोनिनोकडे लोटले.

उन्हाळ्यात आदेश आला: बोलोन्या सोडा, सम्राटाने आपल्या राज्यात नेपल्सला काढलेल्या विद्यापीठात शिका. नगराने तो धुडकावला. त्या दक्षिणेकडच्या विद्यार्थ्यांपैकी कापुआ गावचा पांदुल्फो मात्र सोबत्यांना घेऊन झाम्बोनिनोच्या वर्गाच्या दारात उभा राहिला.

"गुरुजी, तुमच्या मताप्रमाणे आम्हाला जावंच लागेल."

"लागेल."

"तेबाल्दो गुरुजी म्हणतात, राहा. त्यांनी बाकसुद्धा वाढवलेत."

"असं? बाकसुद्धा?"

"तुम्ही एवढंच म्हणा, ती वादापुरती बाजू होती. मग आम्ही इथंच बसतो."

एक वाक्य पुरेसे होते. पण ते उच्चारणे म्हणजे तेबाल्दोच बरोबर होता, असे भर वर्गात कबूल करणे. भिंतीपलीकडे बाक सरकल्याचा आवाज आला.

"नेपल्सला जा," झाम्बोनिनो म्हणाला. "आजच निघा. शेजारी डोकावूही नका."

राजा कायद्याच्या वर असतो हे त्याला खरोखर पटले होते, की तेबाल्दोचे बाक रिकामे राहावेत एवढेच हवे होते, हे इमेल्दालाही कळले नाही. विद्यार्थी नेपल्सला पोहोचले का, हेही ठाऊक नाही.